आजारी ऑर्किडला आधी हवा, मग औषध

घरातल्या ऑर्किडची पानं सुरकुतली की हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे जातो. झाड तहानलंय, एवढाच अर्थ आपण काढतो. दोन दिवसांनी पानं आणखी लोंबतात, मग आणखी पाणी. पंधरवड्यात बुडाशी काळपट ओल दिसू लागते आणि एके सकाळी झाड मुळांशिवायच हातात येतं. नागपुरात हे फार घडतं. सुकलं की पाणी घाला, हीच इथल्या उन्हाळ्याची शिकवण आहे, आणि सांदवाडीतल्या जास्वंदीला, मोगऱ्याला ती लागूही पडते. ऑर्किडचं तसं नाही. त्याचं पान दोन अगदी उलट कारणांनी सुरकुततं : मुळं कोरडी पडली म्हणून, किंवा मुळं कुजली म्हणून. दोन्हीत पानापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून कुठलाही घरगुती उपाय करण्याआधी कुंडी उपडी करून मुळं बघावी लागतात. बाकी सगळं त्यानंतर.

नागपूरच्या हवेत ऑर्किड जगतच नाही, असंही सर्रास ऐकू येतं. विदर्भाची रानं बघितली की हे पटत नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आंब्या-मोहाच्या जुन्या खोडांवर व्हँडा टेसेलाटा नावाचं ऑर्किड वाढतं. बांदा किंवा रास्ना या नावांनी लोक त्याला ओळखतात. दोन्ही बाजूंना फाकलेली जाड, पन्हळी पानं, फांदीला घट्ट धरलेली आणि काही नुसती हवेत लोंबणारी मुळं, आणि तपकिरी जाळीच्या पाकळ्यांची, निळसर जांभळ्या ओठाची सुवासिक फुलं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या उन्हाळ्यातही हे झाड कुणी पाणी न घालता रानात तगून राहतं. मग चारशे-पाचशे रुपये देऊन आणलेलं, रोज निगा राखलेलं घरातलं ऑर्किड का मरतं?

उत्तर मुळांच्या रचनेत आहे. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांना व्हेलामेन नावाचं जाड आवरण असतं. मेलेल्या, पोकळ पेशींचे ते थर पावसाची सर येताच टीपकागदासारखं पाणी ओढून घेतात. कोरडं असताना हे आवरण चंदेरी दिसतं. ओलं झालं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. सर थांबली की वाऱ्यानं मूळ काही तासांत पुन्हा सुकतं. म्हणजे मुळाला पाणी हवं आणि त्या पाण्यामागोमाग हवाही हवी. कुंडीत हीच मुळं चोवीस तास ओल्या लगद्यात कोंडली, तर प्राणवायूविना ती गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी व जिवाणू चढतात. कूज ही नंतरची गोष्ट आहे. आधी श्वास बंद झालेला असतो.

दुसरी गोष्ट पानांची. व्हँडा, फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडं दिवसा रंध्रं जवळजवळ मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा उजेडात त्याची साखर करायची, अशी ही पद्धत. निवडुंग आणि अननसही असंच करतात. यात पाणी वाचतं. पण याचा एक अर्थ असाही आहे की या झाडांसाठी रात्रीची हवा फार महत्त्वाची. नवतप्यात नागपूरची रात्रही तापलेली आणि कोरडी असते. झाडाला रंध्रं उघडायची सोयच उरत नाही. वाढ थांबते, पान पातळ पडतं. अशा झाडाला खत आणि टॉनिक देऊन काही होत नाही. त्याला थंड, दमट रात्र द्यावी लागते, आणि ती नागपूरच्या घरात देता येते. कशी, ते पुढे सांगतो.

आधी कुंडी रिकामी करू. आपल्याकडे घरोघरी येणारी ऑर्किडं मुख्यतः दोन : मोठ्या, गोलसर पाकळ्यांचं फॅलेनॉप्सिस आणि उसाच्या पेरांसारख्या खोडांचं डेंड्रोबियम. व्हँडा आणि मोकारा त्यामानानं कमी. समजा आजारी झाड फॅलेनॉप्सिस आहे. कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे भिंतीला चिकटलेली मुळं सुटतील. मग कुंडी आडवी धरून झाड हलकेच बाहेर काढा. बाहेरचा नारळाच्या सालीचा थर झडतो. खूपदा आतल्या बाजूला, अगदी खोडाखाली, लिंबाएवढा घट्ट गोळा सापडतो. तो मॉसचा किंवा काथ्याच्या भुशाचा असतो, कधी त्याभोवती जाळीची छोटी प्लॅस्टिकची टोपलीही असते. रोपवाटिकेत लहानपणी झाड त्यात वाढवलेलं असतं. मोठं झाल्यावर ते त्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत जातं. बाहेरचा भाग सुकला तरी हा गोळा आठ-दहा दिवस ओला राहतो. वरून बघणाऱ्याला कुंडी कोरडी वाटते, तो पाणी घालतो, आणि खोडाचा गाभा कुजत जातो. घरी आणलेल्या कितीतरी फॅलेनॉप्सिसच्या मरणाचं मूळ या लिंबाएवढ्या गोळ्यात असतं. फूल संपल्यावर तो काढून टाकणं ही या झाडाची सगळ्यात मोठी सेवा आहे.

आता प्रत्येक मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. जिवंत मूळ टणक लागतं, मग त्याचा रंग पांढरा असो, हिरवा असो की उजेड न मिळाल्यानं पिवळट. कुजलेलं मूळ दाबताच पिचकतं, तपकिरी पाणी निघतं, ओढलं तर बाहेरची साल हातात येते आणि आत दोऱ्याएवढी शीर उरते. वाळून मेलेलं मूळ पोकळ, कागदी लागतं. मऊ आणि पोकळ मुळं कापून टाका. शंका असलेलं मूळ राहू द्या. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून, गार करून वापरा. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा तापवा. या एका सवयीनं जेवढे रोग टळतात तेवढे कुठल्याही फवाऱ्यानं टळत नाहीत.

कापल्यानंतर काय लावायचं, इथून स्वयंपाकघर सुरू होतं. दालचिनीची पूड हा जगभरच्या ऑर्किडप्रेमींचा उपाय आहे आणि तो खरा आहे. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड बुरशीला मारक आहे. पण तीच पूड ओल शोषून पेशी वाळवते. पानावरची जखम, फुलांच्या दांड्याचा काप, कुजलेला भाग काढलेलं खोड यांवर चिमूटभर कोरडी दालचिनी जरूर लावा. निरोगी मुळांवर भुरभुरू नका, ती वाळून जातील. मुळाच्या अगदी कापल्या टोकापुरतीच ठीक. हळदही चालते. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे हळदीचं पाणी करून ओतण्यात फारसा अर्थ नाही. कोरडी पूड जखमेवर दाबावी. दोन्हींत मला दालचिनी उजवी वाटते.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ते मुळांवर ओतलं की फेस येतो आणि जंतू मरतायत असं वाटून समाधान होतं. फेस येतो तो कॅटालेज नावाच्या विकरामुळे, आणि ते विकर निरोगी पेशींतही असतं. म्हणजे फेस हा जंतू मेल्याचा पुरावा मानता येत नाही. वारंवार वापरलं तर नवी, कोवळी मुळाग्रं भाजतात. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणावं आणि कुजलेला भाग कापल्यावर एकदाच त्या जागेवर लावावं. दर आठवड्याला द्यायचं ते टॉनिक नव्हे.

नागपूरकरांसाठी आणखी एक सूचना. इथल्या पुष्कळ घरांचा संत्र्याच्या बागेशी संबंध असतो, आणि बागेत बोर्डो मिश्रण असतंच. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी निघालं, आणि संत्र्याच्या खोडाला त्याची पेस्ट लावणं आपल्याकडे नेहमीचं आहे. ऑर्किडवर मात्र ते मारू नका. तांबं ऑर्किडला सोसत नाही, त्यातही डेंड्रोबियमला अजिबातच नाही. पानं जळतात, कोंब काळे पडतात. संत्र्याला लागू पडलेलं औषध बांद्याला लागू पडेल, हा हिशोब इथे चालत नाही.

मुळं साफ झाली, जखमा वाळल्या. झाड एक दिवस सावलीत तसंच उघडं ठेवा. ज्याची तीन-चार टणक मुळं शिल्लक आहेत ते झाड वाचलंच म्हणून समजा. त्याला नव्या मिश्रणात लावायचं. मिश्रणाचे घटक इथे सहज मिळतात : नारळाच्या शेंडीचे इंचभर तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. शेंडीचे तुकडे तीन-चार वेळा पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवावेत, कारण त्यांत टॅनिन आणि क्षार असतात. पाणी चहाच्या रंगाचं येणं थांबलं की ते तयार झाले. माती, शेणखत, कोकोपीटची भुकटी काही नको. कुंडी मुळांच्या मापाची, लहान. मोठ्या कुंडीत ओल अडकते. कुंभाराकडून बाजूला भोकं पाडलेली मातीची कुंडी करून घेतली तर पावसाळ्यात फारच चांगली, उन्हाळ्यात मात्र ती फार लवकर सुकते.

आणि ज्याचं एकही मूळ उरलेलं नाही ते? तेही पुष्कळदा वाचतं, फक्त घाई करता येत नाही. लोणच्याची मोठी काचेची बरणी किंवा झाकणाचा पारदर्शक डबा घ्या. तळाशी भिजवून घट्ट पिळलेलं मॉस, ते नसेल तर धुतलेल्या शेंडीचे ओले तुकडे पसरा. त्यावर झाड असं टेकवा की बूड ओलीच्या जवळ राहील पण ओलीत रुतणार नाही. झाकण सैल ठेवा. बरणी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीपाशी, ऊन अजिबात न लागेल अशा जागी ठेवा. बंद काचेवर दहा मिनिटं ऊन आलं तरी आत झाड शिजतं. रोज थोडा वेळ झाकण उघडून हवा द्या, बुरशीचे तंतू दिसले तर मॉस बदला. तत्त्व सोपं आहे : मुळं नसलेलं झाड पाणी पिऊ शकत नाही, पण हवा दमट असेल तर पानांतून पाणी गमावणंही थांबतं. शिल्लक पुंजीवर ते नवं मूळ काढतं. याला आठवडे लागतात, कधी तीन-चार महिने. नवी मुळं बोटभर लांब होईपर्यंत झाड बरणीतून काढू नये. खत तर या काळात थेंबभरही देऊ नये.

हा उपाय नागपुरात केव्हा करायचा याला फार महत्त्व आहे. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की इथली हवा आपणहून दमट होते आणि तापमान २५ ते ३० अंशांत येतं. ऑर्किड मुळं काढतं ते याच दिवसांत. मृगापासून कोजागिरीपर्यंतचा काळ हा नागपूरच्या ऑर्किडांचा बरं होण्याचा काळ. एप्रिल-मे महिन्यात झाड फक्त जगवायचं. कुंडी बदलणं, फुटवे वेगळे करणं, मुळं कापणं ही कामं उन्हाळ्यात टाळावीत. अपवाद एकच, गाभ्यात शिरलेली कूज. ती कुठल्याही महिन्यात लगेच कापावी लागते.

उन्हाळ्यात झाड जगवायचं साधन प्रत्येक नागपूरकराच्या घरात आहे, ते म्हणजे कूलर. बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून किंवा लाकडी लोकरीतून जाताना पाणी उडतं, हवा गार होते आणि दमटही. आपल्याला नुसता गारवा जाणवतो, ऑर्किडला दोन्ही मिळतं. कूलरच्या खोलीत, झोतापासून बाजूला, खिडकीच्या उजेडात ठेवलेलं फॅलेनॉप्सिस मे महिना बऱ्यापैकी काढतं. रात्री कूलर चालू असतो तेव्हा झाडाची रंध्रं उघडी असतात, हा मोठाच फायदा. एसीची गोष्ट उलटी. तो हवेतली ओल काढून घेतो, म्हणून एसीच्या खोलीत झाड ठेवायचं तर पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. झाडं कूलरच्या खोलीत न ठेवता गॅलरीत ठेवली असतील तर पश्चिमेकडे ओलं गोणपाट टांगणं, फरशीवर दुपारी पाणी मारणं, झाडं एकमेकांजवळ ठेवणं हे जुने उपाय अजूनही उपयोगी आहेत. बशीत खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्यानं कुंडीच्या बुडाशी थोडी ओल वाढते, पण इथल्या मे महिन्याच्या वाऱ्यात त्याचा प्रभाव जाणवण्याइतका उरत नाही. पानांवर फवारा मारणंही तसंच, काही मिनिटांत वाळून जातं. संध्याकाळी मारलेल्या फवाऱ्याचं पाणी फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या खोबणीत साचलं तर तिथून कूज सुरू होते. साचलंच तर कापसानं किंवा कागदाच्या टोकानं टिपून घ्या.

कूलरचं पाणी मात्र झाडाला घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात. आठवड्याभरात वाळ्याच्या टट्टीवर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. हेच आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वाया पाण्याचं. ते वाया जाऊ नये म्हणून लोक बागेला देतात, चांगलंच आहे, पण ऑर्किडला नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं. आपल्याला ते पाणी गोड लागतं. ऑर्किडच्या मुळांना साधारण २००च्या आतलं सोसतं. खोल बोअरचं जड पाणी दिलं की मुळांची टोकं तपकिरी होतात, कुंडीच्या कडांवर पांढरं पडतं आणि पानांची टोकं जळतात. याला घरगुती औषध म्हणजे पावसाचं पाणी. गच्चीवरून पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचं पाणी पिंपात झाकून ठेवावं. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून टपकणारं पाणी गाळून वापरता येतं, त्यात क्षार जवळपास नसतात. बोअरचंच वापरायचं असेल तर महिन्यातून दोनदा आरओच्या चांगल्या पाण्यानं कुंडी भरपूर धुवून काढावी.

पाण्याचं तापमानही बघायला हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते कोवळ्या मुळांवर ओतलं तर ती तिथेच संपतात. आदल्या रात्री बादली किंवा गुंड भरून ठेवावा आणि सकाळी ते पाणी घालावं. उलट टोकाला बर्फाचे तुकडे ठेवायची पद्धत आहे. अमेरिकेत ओहायो आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला तीन बर्फाच्या तुकड्यांनी फॅलेनॉप्सिसला इजा झाली नाही असं दिसलं. पण तिथे झाडं घराच्या आत, मध्यम तापमानात होती. नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढं पाणी पुरणारं नाही.

किती दिवसांनी पाणी, याचं वेळापत्रक मी देत नाही, कारण तेच झाडं मारतं. कुंडी उचलून वजन बघा, पारदर्शक कुंडी असेल तर मुळांचा रंग बघा. चंदेरी झाली की पाणी, हिरवी आहेत तोवर नाही. बंगईच्या कडीला किंवा ग्रिलला टांगलेल्या, उघड्या मुळांच्या व्हँडाला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ बादलीत बुडवावं लागेल. तेच पावसाळी झडीत आठ दिवस पाणी लागणार नाही. झडीच्या दिवसांत छपराखाली, वाऱ्याच्या जागी ठेवणं हाच उपचार.

डेंड्रोबियमबद्दल थोडं वेगळं. त्याची पानं गळलेली, सुरकुतलेली जुनी खोडं मेली समजून आपण कापतो. ती मेलेली नसतात. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं आणि नवा फुटवा त्यांच्यावर पोसतो. हिरवं खोड कधीच कापू नका. झाडाची मुळं सगळी गेली असतील आणि एखादं टणक खोड शिल्लक असेल, तर पावसाळ्यात ते ओल्या मॉसवर आडवं ठेवा. पेरांवरचे डोळे फुगतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यातून मुळांसकट पिल्लू निघतं. एका मरत्या झाडाची अशी दोन-तीन नवी झाडं होऊ शकतात.

किडींत नागपूरला त्रास देणारे दोघे. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसाचे पांढरे ठिपके होऊन बसतो. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक पुसून काढा, आठवड्यानं पुन्हा, असं तीन-चार वेळा, कारण अंड्यांतून नवे निघत राहतात. दुसरा कोळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला. पान चंदेरी, खरबरीत दिसलं की खालची बाजू पाण्यानं धुवा. एवढ्यानं भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, रिठ्याचं पाणी घालून चांगलं घुसळून, संध्याकाळी फवारा. भर उन्हाळ्यात, पारा ३५ च्या वर असताना तेल फवारलं तर पानं भाजतात. तेव्हा नुसतं पाणीच बरं. पानं चकाकावी म्हणून दूध किंवा खोबरेल पुसू नये, त्या थरावर धूळ आणि बुरशी दोन्ही बसतात. पांढरे क्षारांचे डाग लिंबाच्या दोन थेंबांच्या पाण्यानं निघतात.

तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, मध, साखरेचं पाणी या उपायांचा प्रसार सध्या फार आहे. साखरेमागे एक खरी गोष्ट आहे. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ साली दाखवलं की ते बी एका बुरशीच्या मदतीनं रुजतं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमात, बुरशीशिवायच बी रुजवून दाखवलं. आज ऑर्किड आपल्या खिशाला परवडतं त्यामागे ही प्रयोगशाळेतली बाटली आहे. पण ती बाटली निर्जंतुक असते. घरातल्या कुंडीत साखर किंवा पेज ओतली तर ती झाडाआधी बुरशी आणि चिलटं खातात. आजारी झाडाला तर हे मुळीच देऊ नये. बरं होऊन नवी मुळं धावू लागली की पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, एवढं पुष्कळ आहे. गोमूत्र, जीवामृत शेताला द्यावं.

काही दुखणी घरात बरी होत नाहीत हेही स्पष्ट सांगायला हवं. पानांवर पिवळट-काळ्या रेषांची नक्षी किंवा गोल कडी दिसत असतील, प्रत्येक नव्या पानावर तीच येत असेल, तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन ऑर्किडांत सर्वत्र आढळतात आणि त्यांवर कुठलंही औषध नाही. असं झाड लगेच इतरांपासून दूर करावं. मन घट्ट करून टाकून देणं बाकीच्यांच्या हिताचं. फॅलेनॉप्सिसचं मधलं पान ओढताच हातात आलं तर शेंडा गेला, ते झाड वर वाढणार नाही. पण मुळं चांगली असतील तर फेकू नका, कधी कधी बुडातून पिल्लू येतं.

बरं झालेलं झाड फुलवायचं काम नागपूरचा हिवाळा करतो. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो, २५ अंशांच्या खालचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो इथे आपोआप मिळतो. पारा १५ च्या खाली जाऊ लागला की रात्री झाड आत घ्या, कारण आपल्याकडे तो कधी कधी १० च्याही खाली उतरतो. पहिल्या वर्षी, जेमतेम सावरलेल्या झाडावर दांडा आला तर तो कापून टाकावा असं माझं मत आहे. फुलासाठी झाड आपली सगळी साठवण खर्ची घालतं.

आणि रानातला बांदा फांदीवरून काढून घरी आणू नका. औषधाच्या नावाखाली त्याची मुळं आधीच ओरबाडली जातात, आणि झाडावरून सोललेला व्हँडा घरात क्वचितच जगतो. नवं ऑर्किड घ्यायचंच असेल तर जुलैत घ्या, पहिल्यांदा डेंड्रोबियम घ्या, आणि दुकानातच कुंडी उचलून बघा : हिरवी टोकं असलेली दोन-चार मुळं कडेवरून डोकावत असतील तेच झाड घरी आणा, त्याला फुलं नसली तरी.